आधी होल्डर बघा, मग बल्ब

पांढुर्णा असो की सौंसर, इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब मागितला की समोरून एकच प्रश्न येतो, ‘किती वॅटचा देऊ?’ आपणही ‘नऊचा द्या’ म्हणून मोकळे होतो. बल्ब छपरीत लागणार आहे की न्हाणीत, देवघरात की सयपाकाच्या ओट्यावर, हे तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही. घरी आणून लावला की बल्ब लख्ख पेटतो, पण उजेड समोरच्या भिंतीवर जातो आणि खाली सतरंजीवर वही उघडून बसलेलं पोरगं स्वतःच्याच सावलीत अभ्यास करतं. अशा वेळी आपण नऊचा काढून बाराचा आणतो. तरी सावली तिथंच राहते, फक्त आणखी काळी होते.

ही सवय लागायला एक कारण आहे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब लोकांपर्यंत गेले. महागडी वस्तू साध्या घरात पोचली, हे काम मोठंच झालं. पण घरोघरी गेलेला तो बल्ब एकाच घाटाचा होता: पिनचा, खाली पांढरी प्लॅस्टिकची मान आणि वर दुधी घुमट. त्यामुळे एलईडी म्हणजे हाच, आणि निवडायचं ते फक्त वॅट, असं आपल्या डोक्यात बसलं. खरं तर एलईडीत घाटाला जेवढं महत्त्व आहे तेवढं जुन्या लट्टूत कधीच नव्हतं.

जुन्या लट्टूतली तार काचेच्या मधोमध पेटायची. होल्डरच्या बाजूची थोडी जागा सोडली, तर उजेड वर, खाली, मागं, पुढं सगळीकडं जायचा. तो कसाही लावला तरी खोलीत साधारण सारखाच वाटायचा. एलईडी बल्बाची खालची अर्धी बाजू उजेड देतच नाही. तिथं वीज बदलणारं सर्किट आणि उष्णता बाहेर टाकणारी मान असते. उजेड निघतो तो घुमटातून, आणि मुख्यतः घुमटाचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला. म्हणून बल्ब घ्यायला जाण्याआधी घरातला होल्डर बघावा. तो छताला लटकतो आहे, भिंतीतून आडवा निघाला आहे, की काचेच्या हंड्यात बसवला आहे? त्याचं तोंड कुठं आहे, आणि उजेड हवा आहे तो कुठं? एवढं ठरलं की घाट आपोआप ठरतो. वॅटचा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडच्या जुन्या कवेलूच्या घरांपासून सुरू करू. उंच आढं, काळवंडलेले लाकडी फाटे आणि खाली माजघर. वर गेलेला उजेड तिथं वायाच जातो, कारण कवेलू आणि धुरकटलेलं लाकूड तो परत खाली पाठवत नाही. अशा घरात साधा घुमटाचा बल्ब वायरला लटकवून, तोंड खाली करून लावला तर तोच उत्तम. पण तो किती उंचीवर आहे, ते बघा. बारा फुटांवर मयालीला चिकटवलेला बल्ब चार फूट खाली, म्हणजे आठ फुटांवर सोडला, तर त्याच्या बरोबर खालच्या जमिनीवर उजेड दुपटीहून जास्त पडतो. वॅट तेच, बिल तेच. वर पांढऱ्या रंगाची पत्र्याची शेड बसवली तर बाजूला पसरणारा उजेडही खाली येतो आणि डोळ्यांत खुपत नाही. पूर्वी गिरणीत आणि किराणा दुकानांत हिरव्या पाठीच्या अशा शेड असायच्या. त्या फेकून दिल्या असतील तर चूक झाली, त्यांचं काम अजून संपलेलं नाही.

स्लॅबच्या घराचं गणित वेगळं आहे. छत दहा फुटांवर आणि चुन्यानं किंवा डिस्टेंपरनं पांढरं केलेलं असेल, तर वर गेलेला उजेडही बराचसा परत खाली येतो. तिथं उजेड जितका पसरट, तितकी खोली मोकळी दिसते. म्हणून स्लॅबच्या बैठकीत एका प्रखर बल्बापेक्षा चार फुटी बॅटन चांगली. बॅटन म्हणजे पट्टीसारखी, थेट भिंतीवर बसणारी एलईडी ट्यूब. दहा बाय बाराच्या खोलीला साधारण दोन हजार ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) उजेड पुरतो, आणि वीस वॅटची चांगली बॅटन तेवढा देते. ती लावायची कुठं, यावर घरात वाद होतात. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर लावली तर पडद्यात तिची चमक दिसते. टीव्हीच्याच भिंतीवर वर किंवा बाजूच्या भिंतीवर लावली तर त्रास होत नाही.

मधल्या काळातल्या बहुतेक घरांत होल्डर भिंतीत आडवा निघालेला असतो. वायरमनला ते सोपं पडायचं आणि जुन्या लट्टूला काही फरक पडायचा नाही. आता त्याच होल्डरात घुमटाचा एलईडी लावला की तोंड थेट समोर होतं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत उजेड जातो आणि जमिनीवर लांब, टोकदार सावल्या पडतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला स्वस्त आहे: सरळ होल्डर काढून तिरपा होल्डर लावा, म्हणजे बल्बाचं तोंड खाली झुकतं. दुसरा उपाय टी-बल्बाचा. इंग्रजी टी अक्षरासारखा हा बल्ब साध्या पिनच्या होल्डरात बसतो आणि त्याच्या टोकाला आडवी पट्टी असते, म्हणजे जणू छोटी ट्यूबलाइटच. उजेड एका ठिपक्यातून न येता पट्टीभर जागेतून येतो, त्यामुळे सावल्या बोथट होतात आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. एक खोच मात्र आहे. पिनचा होल्डर ज्या कोनात बसवला असेल त्या कोनात पट्टी वाकडी दिसू शकते. काही टी-बल्बांची पट्टी फिरवता येते. दुकानातच फिरवून बघा.

सयपाकघरात लोक सगळ्यात जास्त चुकतात, असं माझं मत आहे. बल्ब खोलीच्या मध्यभागी आणि ओटा भिंतीला. भाजी चिरणारी बाई ओट्याकडं तोंड करून उभी राहते आणि बल्ब तिच्या पाठीमागं. पंधरा वॅट लावा नाहीतर पंचवीस, विळीवर तिचीच सावली पडणार. तिथं हवी ती एक दोन फुटी बॅटन, ओटा ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीवर, डोक्याच्या थोडी वर. वर कपाट असेल तर त्याच्या खालच्या कडेला. गॅसच्या बरोबर वर मात्र लावू नये, वाफ आणि फोडणीचं तेल तिच्यावर बसतं. हिच्यासाठी आठ-दहा वॅट पुरे होतात, आणि मधल्या बल्बाचे वॅट कमी केले तरी चालतं. नवं घर बांधत असाल तर हा एक पॉइंट ओट्यावर आधीच काढून घ्या. प्लास्टर झाल्यावर तो काढायचा खर्च कित्येक बल्बांच्या किमतीएवढा होतो.

काचेचा हंडा किंवा बंद शेड असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. एलईडी गरम होत नाही, असा आपला समज. तो लट्टूएवढा गरम होत नाही, हे खरं. पण त्याची उष्णता हवेत फेकली जात नाही, मानेत साठते आणि तिथून हळूहळू बाहेर जाते. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडं सरकतो. त्यात बंद हंड्यातला बल्ब म्हणजे आतल्या सर्किटला भट्टीच. सर्किटातला कपॅसिटर उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणून पंचवीस हजार तास लिहिलेला बल्ब अशा शेडमध्ये दीड-दोन वर्षांत लुकलुकायला लागतो, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. बंद शेडमध्ये लावायचाच असेल तर कमी वॅटचा, पाच-सात वॅटचा लावा. बॉक्सवर बंद शेडमध्ये वापरू नका अशी सूचना असते, ती वाचा. लाइन गेल्यावरही पेटणारा इन्व्हर्टर बल्ब तर बंद शेडमध्ये अजिबात लावू नये, त्याच्या आत बॅटरी असते. तो जिन्यात किंवा माजघरात उघड्या होल्डरवर एकच लावावा आणि बटन चालू ठेवावं, तरच तो चार्ज होतो.

शोभेच्या घाटांकडं वळू. मोठा गोळा, म्हणजे जी९५, उघडा लटकवण्यासाठी असतो, जेवणाच्या टेबलावर शोभतो. मेणबत्तीच्या घाटाचा सी३७ झुंबराच्या आणि देवघराच्या लहान होल्डरांसाठी. काचेत पिवळ्या तारा दिसणारा फिलामेंट बल्ब हल्ली हॉटेलांत दिसतो. त्याचा उजेड जुन्या लट्टूसारखा चहूकडं जातो, म्हणून काचेच्या उघड्या शेडमध्ये तोच बरा दिसतो. बाकी घरात त्याचं फार काम नाही.

स्पॉटलाइटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या घरांत पीओपीच्या छताची हौस वाढली आहे. छतात आठ-दहा गोल डाउनलाइट बसवले जातात आणि रात्री खोलीत उजेडाची वर्तुळं पडतात, मधे अंधार राहतो. याचं कारण किरणाचा कोन. चोवीस ते छत्तीस अंशांचा स्पॉट हा फोटो किंवा मूर्ती उजळण्यासाठी असतो, खोली उजळण्यासाठी नव्हे. खोलीला शंभर-एकशेवीस अंशांचा, पसरट उजेडाचा डाउनलाइट लागतो. कोन बॉक्सवर लिहिलेला असतो. ठेकेदाराला तो विचारला तर तो थोडा चकित होईल, पण विचारा.

देवघरात बारीक पिवळा बल्ब पुरे. त्यावरून जुन्या झिरो बल्बाची आठवण निघते. नाव झिरो असलं तरी तो साधारण पंधरा वॅट खायचा. जुन्या चाकाच्या मीटरला एवढा बारीक वापर नीट कळायचा नाही, म्हणून झिरो. अजून कुणाच्या देवघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत तो रात्रभर पेटत असेल तर काढून टाका. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढंच काम करतो.

बाहेरच्या ओट्यावर आणि अंगणात दोन गोष्टी बघाव्या लागतात, पाणी आणि किडे. उघड्यावर साधा बल्ब लावू नका, पावसाचं पाणी होल्डरात उतरतं. बाहेरचा दिवा आयपी६५ लिहिलेला घ्यावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो. गोठ्यात कडब्याची धूळ आणि ओल असते. तिथं जाळीचं कवच असलेला, भिंतीला चिकटणारा बंद दिवा बसवा, आणि तो बैलाच्या शिंगापासून वर ठेवा. न्हाणीतही असाच बंद दिवा सुरक्षित. बाहेरचा रंग पिवळसर निवडा, २७०० ते ३००० केल्विनचा. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडावर पावसाळ्यात किड्यांची झुंबड उडते. पिवळ्यावर ती बरीच कमी असते. दारात बसून गप्पा मारायच्या असतील तर हा फरक पहिल्याच रात्री कळतो.

रंगाचा प्रश्न आपल्या भागात आणखी एका ठिकाणी येतो, संत्र्याच्या शेडमध्ये. आंबिया बहाराची तोड नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढं. दिवस लहान असतात, माल यायला उशीर होतो आणि छाटणी-प्रतवारी दिवेलागणीनंतरही चालते. पांढरा एलईडी बनतो तो निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन. स्वस्त आणि निळसर दिव्यात लाल-केशरी भाग कमी पडतो. अशा उजेडात हिरवट पिवळं फळ आणि पिकलेलं केशरी फळ यांतला फरक पुसट होतो. सकाळी उन्हात पेटी उघडल्यावर माल मिसळलेला दिसतो. शेडमध्ये ४००० केल्विनच्या आसपासचे आणि रंगांचा अचूकपणा सांगणारा सीआरआय हा आकडा ऐंशीच्या वर, जमलं तर नव्वद असलेले दिवे घ्यावेत. घाटाचं म्हणाल तर पॅकिंगच्या टेबलावर लांब बॅटन, टेबलाच्या लांबीला समांतर. एकाच मोठ्या हॅलोजनसारख्या फ्लडलाइटनं काम चालवणाऱ्यांच्या हाताची सावली प्रत्येक फळावर पडते. हाच सीआरआय साडीच्या दुकानात आणि घरच्या आरशासमोरही उपयोगी आहे.

खरेदीआधी अजून दोन-तीन गोष्टी. पिनचा होल्डर म्हणजे बी२२, आपल्याकडं सर्रास. चुडीचा, म्हणजे आटे असलेला, मोठा ई२७ आणि बारीक ई१४. झुंबरात आणि बाहेरून मागवलेल्या शोभेच्या दिव्यांत बहुतेक चुडीचा असतो. या आकड्यांतला २२, २७, १४ म्हणजे मिलिमीटर. घाटाच्या नावातल्या आकड्यांचं मात्र नीट बघा. ए६० मधला ६० म्हणजे साठ मिलिमीटर व्यास, जी९५ म्हणजे पंचाण्णव. अमेरिकी पद्धतीच्या नावात आकडा इंचाच्या आठव्या भागात असतो. ए१९ म्हणजे एकोणीस अष्टमांश इंच, तोच आपला ए६०. पीएआर३८ सुमारे बारा सेंटिमीटरचा, एमआर१६ बरोबर दोन इंचांचा. टी८ ट्यूब एक इंच जाडीची आणि टी५ तिच्याहून बारीक. एमआर१६ घेताना विशेष जपा. तो बहुतेक वेळा बारा व्होल्टचा असतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. थेट २३० व्होल्टवर जोडला तर तो तिथंच जळेल.

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल तर आधी चोक आणि स्टार्टर बाजूला करून वायरिंग बदलावं लागतं. हे वायरमनचं काम आहे, मेन स्विच बंद करून करायचं. पट्टी गंजलेली असेल तर नवी बॅटनच घेतलेली बरी, किमतीत फरक फार नसतो.

व्होल्टेज हा आपल्या खेड्यांतला मुख्य प्रश्न. रात्री वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, बंद झाल्या की उडी मारतं. बॉक्सवर चालण्याची मर्यादा लिहिलेली असते. १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेला बल्ब घ्यावा, २२० ते २४० वाला टाळावा. विजेच्या कडकडाटात झटका सोसण्याची ताकद किलोव्होल्टमध्ये दिलेली असते, चार किलोव्होल्ट असली तर चांगलं. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखालचा आर- ने सुरू होणारा क्रमांक बघा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही बघा. दोन बल्ब नऊ वॅटचेच असले तरी एक आठशे ल्यूमेन देतो आणि दुसरा हजार. किंमत वॅटवरून ठरवणारे इथं फसतात. दुकानात बल्ब पेटवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो उजेड लुकलुकणारा आहे, अभ्यासाच्या खोलीत नको.

बिलाचा हिशोब आपल्याकडं थोडा वेगळा आहे, कारण आपण मध्य प्रदेशात आहोत. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये लागतात. दीडशेच्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत गेली. म्हणून उंबरठ्यावरच्या घराला दहा-वीस युनिटही महत्त्वाचे. साठ वॅटचा एक लट्टू रोज पाच तास पेटला तर महिन्याला नऊ युनिट होतात. त्याच जागी नऊ वॅटचा एलईडी सव्वा-दीड युनिट खातो. चोकची जुनी ट्यूब चोकसकट पन्नास वॅटच्या घरात जाते, म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. वीस वॅटची बॅटन तीन युनिट. घरात दोन लट्टू आणि दोन जुन्या ट्यूब उरल्या असतील तर त्या बदलल्यावर चोवीस युनिट वाचतात. उरलेला हिशोब उन्हाळ्यातल्या कूलरचा, तो वेगळा.

खरेदीला जाताना जुना बल्ब सोबत न्या, किंवा होल्डरचा आणि शेडचा मोबाइलवर फोटो काढा. शेडची आतली रुंदी पट्टीनं मोजून लिहून घ्या, कारण टी-बल्ब आणि मोठा गोळा बऱ्याच शेडमध्ये शिरत नाहीत. पक्कं बिल मागा. वॉरंटी एक-दोन वर्षांची असते, पण बिल आणि बॉक्स नसला की दुकानदार हात वर करतो. बिलावरची शाई उन्हाळ्यात उडून जाते, म्हणून त्याचाही फोटो काढून ठेवा. आणि बल्बाच्या मानेवर लावल्याची तारीख मार्करनं लिहा.